पिवळं ग्रीस: मानेवाड्यातल्या एका घरगुती ब्रेक-कामाचं प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण आमच्याच ले-आउटमधलं, म्हणजे नागपूरच्या मानेवाडा भागातल्या आमच्या वसाहतीतलं. घरच्यांना विचारूनच लिहितो आहे. नावं, गाडीची कंपनी, नंबर सगळं गाळलं आहे, बाकी घडलं तसं ठेवलं आहे. यातल्या एका चुकीचा धागा माझ्याच बोलण्यापाशी येऊन थांबतो, म्हणून ते लिहून काढणं मला गरजेचं वाटलं. मी आयटीआयमध्ये मोटर मेकॅनिकचा ट्रेड शिकवून निवृत्त झालो. ले-आउटमधल्या मुलांच्या गाड्यांचं काही अडलं की ती माझ्याकडे येतात, आणि मलाही ते आवडतं.

घर तिघांचं. वडील अठ्ठेचाळीसचे, बुटीबोरी एमआयडीसीत शिफ्टची नोकरी. मुलगा वीस वर्षांचा, इंजिनिअरिंग डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला, हात चांगला आणि घाई थोडी जास्त. गाडी दीडशे सीसीची, २०१७ सालची. पुढे डिस्क ब्रेक (डिस्क म्हणजे चाकासोबत फिरणारी धातूची चकती), मागे ड्रम. १ एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीच्या वरच्या सगळ्या नव्या दुचाकींना एबीएस, म्हणजे ब्रेक दाबताना चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा, सक्तीचं झालं. ही गाडी त्याच्या आधीची, म्हणजे ब्रेक दाबताना मध्ये कुठलीही इलेक्ट्रॉनिक मदत नाही. जे काही आहे ते बोटांत, ब्रेकच्या तेलात आणि डिस्कवर घासणाऱ्या पॅडमध्ये.

वडिलांचा रोजचा रस्ता असा: मानेवाडा चौकातून रिंग रोडनं छत्रपती चौक, तिथून वर्धा रोड धरून खापरी, जामठा आणि पुढे बुटीबोरी. एका बाजूनं पंचवीसेक किलोमीटर. वर्धा रोडवर मोठ्या ट्रकांची सोबत कायम, त्यामुळे ब्रेक जोरात लागतो आणि वारंवार लागतो. पावसाळ्यात एमआयडीसीच्या आतल्या रस्त्यांवरची काळी माती चाकानं उडून कॅलिपरमध्ये, म्हणजे डिस्कला पॅडच्या चिमटीत धरणाऱ्या भागात, भरते आणि ऊन पडलं की आतल्या आत टणक होऊन बसते. मग गाडी धुवायला दिली की धुणारा जोराच्या फवाऱ्यानं ती काढतो, आणि त्या फवाऱ्यासोबत कॅलिपर ज्यांच्यावर सरकतो त्या पिनांवरचं ग्रीसही वाहून जातं. हे चक्र आठ वर्षं चालू होतं.

अडचण

मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात पुढचा ब्रेक वाजायला लागला. वडिलांचं म्हणणं, "कर्र कर्र करून राहिली, पण लागते बरोबर." मुलानं मोबाइलचा टॉर्च मारून समोरून पाहिलं तर पॅडवर चांगला दोन-अडीच मिलिमीटर माल, म्हणजे घासणारा थर, दिसत होता. म्हणून त्यानं आठवडाभर विषय सोडून दिला.

समोरून दिसतो तो बाहेरचा पॅड. आतला, म्हणजे पिस्टनच्या बाजूचा पॅड बघायला चाकाच्या मागून, खाली वाकून, तिरकं बघावं लागतं, किंवा एखादा छोटा आरसा धरावा लागतो. आठ दिवसांनी आवाज धातूवर धातू घासल्यासारखा झाला तेव्हा त्यानं आरसा धरला. आतल्या पॅडचा माल जवळजवळ संपला होता. एका टोकाला मालामागची लोखंडी पट्टी उघडी पडायला नखाएवढंच अंतर.

आणखी एक गोष्ट नंतर कळली. जानेवारीत वडिलांना हँडलवरच्या डबीत ब्रेक ऑइल कमी दिसलं होतं आणि त्यांनी ते वरच्या खुणेपर्यंत भरून घेतलं होतं. पॅड झिजत जातो तसा पिस्टन बाहेर येत जातो, त्याच्यामागची मोकळी जागा तेल भरून काढतं आणि डबीतली पातळी आपोआप उतरते. गळती नसताना पातळी हळूहळू उतरणं हा पॅड संपत आल्याचा निरोप असतो. इथे निरोप आला होता, पण तो वाचला गेला नाही.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय, कंपनीचं सर्व्हिस सेंटर. तिथे चार दिवसांनंतरची वेळ मिळत होती आणि वडिलांची पहिली शिफ्ट चालू होती. दुसरा, चौकातला मिस्त्री. हात बसलेला माणूस, पंधरा मिनिटांत पॅड घालून देतो. पण तो कॅलिपर उघडून हवेच्या पाइपनं धूळ उडवतो, आणि पिना काढून बघायला त्याच्याकडे वेळ नसतो. तिसरा, घरी करणं. चौथा पर्याय मुलाच्या आईनं सुचवला: चार दिवस गाडी उभी ठेवा आणि शेजारच्या कामगारासोबत डबलसीट जा.

मला विचाराल तर चौथा सगळ्यात शहाणपणाचा होता आणि तो पहिल्यांदा बाजूला पडला. पॅड पट्टीवर आलेला असताना गाडी रस्त्यावर काढायची नाही, एवढं आधी ठरवायला हवं. दुरुस्ती कुणी करायची हा प्रश्न त्याच्यानंतर येतो. या घरात मात्र उद्या सकाळची शिफ्ट आणि दुरुस्ती एकमेकांना जोडली गेली, आणि त्यामुळे सगळं काम एका संध्याकाळात बसवायचं असं होऊन बसलं.

घरी करायचं ठरलं. पॅड बदलणं हे घरी करण्यासारखं काम आहे असं माझं मत आजही आहे. तेलाचा रस्ता उघडावा लागत नाही, चाक काढावं लागत नाही, दोन पाने, एक एलन की (षटकोनी चावी) आणि स्वच्छ फडकं एवढ्यात ते होतं. अट एकच, पॅड का झिजला हे बघितल्याशिवाय नवा घालू नये.

पॅड विकत घेताना

मुलगा जुना पॅड सोबत घेऊन दुकानात गेला नाही, गाडीचं नाव सांगून पॅड आणले. त्याच नावाच्या गाडीत दोन वेगवेगळे कॅलिपर येऊन गेलेले असू शकतात, त्यामुळे इथे फसगत होते. त्याच्या नशिबानं पॅड बसणारे निघाले. दुकानदारानं दोन प्रकार दाखवले होते, एक साधा आणि एक धातूमिश्रित जास्त टणक. "जास्त चालतो" म्हणून टणक घ्यायचा मोह होतो. मुलानं कंपनीनं दिलेलाच साधा प्रकार घेतला आणि हा निर्णय बरोबर होता. टणक पॅड टिकतो खरा, पण त्या गाडीची डिस्क त्यासाठी केलेली नसेल तर तो डिस्कच खायला लागतो, आणि डिस्क पॅडच्या कितीतरी पट महाग.

प्रत्यक्ष काम, पहिली खेप

त्या दिवशी मी अमरावतीला एका लग्नात होतो. काम झालं ते माझ्या माघारी, फोनवर.

संध्याकाळी सहाला त्यानं गाडी अंगणात मेन स्टँडवर लावली. ऊन उतरलं होतं, पण फरशी तापलेलीच. पहिली ठेच लागली ती पॅड पिनेपाशी. दोन्ही पॅड एका आडव्या पिनेवर टांगलेले असतात आणि त्या पिनेचं डोकं पाच नंबरच्या एलन कीचं. ही पिन सैल करायची ती कॅलिपर फोर्कला, म्हणजे पुढचं चाक धरणाऱ्या दांड्यांना, घट्ट बसलेला असतानाच, कारण तेव्हा सगळी गाडीच त्याला धरून असते. मुलानं आधी कॅलिपर काढला. मग हातातला कॅलिपर एका हातानं धरून दुसऱ्या हातानं की फिरवायला गेला आणि की घसरली. खाचेच्या कडा थोड्या गोल झाल्या. तो तिथे थांबला, जोर लावत बसला नाही, हे त्याचं कौतुक. कॅलिपर पुन्हा फोर्कला बसवला, खाचेतली माती टाचणीनं कोरून काढली, की हातोडीनं हलकेच ठोकून पूर्ण आत बसवली आणि मग फिरवली. पिन कट् आवाज करून सुटली. खाचेत माती असली की की अर्धीच बसते, आणि अर्धी बसलेली की खाच खाते. बहुतेक पिना इथेच खराब होतात.

कॅलिपर काढल्यावर तो तेलाच्या पाइपला लोंबकळत ठेवू नये, तारेनं फोर्कला बांधावा. हे त्यानं न सांगता केलं. धूळ फुंकली नाही, ओल्या फडक्यानं पुसली. ही धूळ नाकात गेलेली चांगली नाही, आणि जुन्या किंवा स्वस्त पॅडमध्ये काय मिसळलंय ते आपल्याला ठाऊक नसतं.

मग त्यानं दोन्ही जुने पॅड फरशीवर शेजारी शेजारी ठेवून फोटो काढला आणि मला पाठवला. सोबत निरोप: "काका, हे पहा नं. आतला पुरा संपला, बाहेरचा अर्ध्याच्या वर बाकी आहे. अन् आतला तिरपा झिजला आहे."

लग्नाच्या पंगतीत बसलेलो असताना मी तो फोटो पाहिला. फोटोत सगळं होतं. एका पिस्टनचा हा सरकता कॅलिपर दोन गुळगुळीत पिनांवर डावीकडे-उजवीकडे हलतो. ब्रेक दाबला की पिस्टन आतला पॅड डिस्कवर रेटतो, आणि त्याच्या उलट धक्क्यानं अख्खा कॅलिपर सरकून बाहेरचा पॅडही डिस्कवर ओढून आणतो. पिना जाम असल्या तर कॅलिपर हलत नाही, सगळं काम एकटा आतला पॅड करतो आणि तो आधी संपतो. दोन पिनांपैकी एकच जाम असली तर कॅलिपर वाकडा सरकतो आणि पॅड पाचरीसारखा तिरपा झिजतो. म्हणजे निदान त्या दोन तुकड्यांवर लिहिलेलं होतं.

मी निरोप पाठवला: "पिना जाम आहेत. काढून साफ कर, ग्रीस लाव."

निदान बरोबर, उपाय अर्धा. कुठलं ग्रीस ते मी लिहिलं नाही.

त्यानं पिना ओढून काढल्या. एक सहज आली, दुसरी पिळून पिळून. तिच्यावर गंजाचे तपकिरी चट्टे आणि कोरडी काळी माती. बारीक पॉलिश पेपरनं चकचकीत केल्या, पिनांवरची रबरी आवरणं, म्हणजे बूट, पुसले. घरात ग्रीसचा एकच डबा होता, चाकाच्या बेअरिंगचं पिवळं ग्रीस. तेच त्यानं दोन्ही पिनांना नीट, कंजूषपणा न करता लावलं. पिना लोण्यासारख्या सरकायला लागल्या. त्यानं त्याचा व्हिडिओही पाठवला. मी अंगठा पाठवला.

पुढची ठेच पिस्टन मागे रेटताना. नवा पॅड जाड, म्हणून बाहेर आलेला पिस्टन आत ढकलावा लागतो, आणि ढकलला की त्याच्यामागचं तेल वरच्या डबीत परत येतं. जानेवारीत डबी काठोकाठ भरलेली होती. तेल झाकणाखालून उतू गेलं आणि टाकीवर ओघळलं. ब्रेक ऑइल रंग खातं. आई ओट्यावरच उभी होती, तिनं प्यायच्या पाण्याचा तांब्या उचलून टाकीवर ओतला. हे तेल पाण्यात विरघळतं, त्यामुळे लगेच धुतलं तर रंग वाचतो. वाचला. थेंब डिस्कवर किंवा नव्या पॅडवर पडला असता तर ते पॅड फेकून द्यावे लागले असते, कारण तेल प्यालेला पॅड कशानंही साफ होत नाही. रेटायच्या आधी डबी उघडून स्वच्छ सिरिंजनं थोडं तेल काढून घ्यायचं, एवढंच हवं होतं.

जोडणी व्यवस्थित झाली. गाडी हलवायच्या आधी त्यानं लिव्हर दाबत राहून पिस्टन पॅडला भिडवून घेतला. पहिले पाच-सहा दाब मोकळे जातात, लिव्हर हँडलला टेकते. हे न करता गाडी गेटबाहेर काढणारे मी पाहिले आहेत, पहिल्या वळणावर त्यांच्या हातात ब्रेकच नसतो. मग ले-आउटच्या रिकाम्या रस्त्यावर तीस-चाळीसच्या वेगात दहा-बारा वेळा हळूहळू वेग उतरवून पॅड बसवून घेतले. दुसऱ्या दिवशी वडील कामावर गेले. ब्रेक छान लागत होता, आवाज बंद.

पाच आठवड्यांनी

जुलैचा पहिला आठवडा. पाऊस चांगला लागला होता. वडिलांना दोन-तीन दिवस गाडी जड वाटत होती, पेट्रोलही जास्त जात होतं. टायरमध्ये हवा कमी असेल म्हणून त्यांनी हवा भरून घेतली. शिफ्टला जाताना जामठ्याच्या पुढे गाडी मागे ओढल्यासारखी झाली आणि जळका वास आला. ते रस्त्याच्या कडेला थांबले. पुढच्या डिस्कवर पावसाचा थेंब पडला की चुर्र आवाज करून उडत होता. लिव्हर दगडासारखी कडक, जरा दाबली की ब्रेक लागलेलाच.

इथे त्यांच्यासमोर दोन रस्ते होते. बुटीबोरी जवळ होतं, मागच्या ब्रेकवर हळूहळू गेले असते तर शिफ्ट गाठता आली असती. त्यांनी मला फोन लावला. "सर, गाडी ढकलूनही चालून नाही राहिली. थंडी झाली की थोडी सुटते, मंग पुन्हा धरते." मी म्हटलं, भाऊ, चालवत एक पाऊल पुढे नका नेऊ. शिफ्ट बुडू द्या.

त्या क्षणी जोराचा धोका पुढचं चाक चालता चालता धरण्याचा होता. त्याच्या मागोमाग दुसरा, कमी दिसणारा धोका होता तेलाचा. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषून घेतं. कोरडं असताना डॉट ३ (ब्रेक ऑइलची एक प्रत) तेल किमान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही, पण पाणी प्यालेलं असलं की ही मर्यादा १४० अंशांवर येते. डॉट ४ चे हेच आकडे २३० आणि १५५. तेल उकळलं की त्यात वाफेचे बुडबुडे होतात, वाफ दबते, आणि कडक लिव्हर अचानक हँडलपर्यंत मोकळी येते. या गाडीचं तेल आठ वर्षांत कधीच पूर्ण बदललं नव्हतं, वरून भर घातली होती फक्त. दोन वर्षांनी बदलायचं असं पुस्तिकेत छापलेलं असतं.

पुढच्या पेट्रोल पंपापर्यंत त्यांनी ती उचलत-ढकलत नेली. पंपावरच्या मुलांनी शेडमध्ये उभी करू दिली. दुपारी छोट्या टेम्पोतून गाडी घरी आली.

पुन्हा उघडलं तेव्हा

या वेळी मी होतो. मुलाला म्हटलं, आधी काही सैल करू नको, फक्त कॅलिपर हातानं सरकव. तो सरकेना. दोघांनी मिळून जोर लावला तेव्हा एक बाजू कुरकुरत हलली आणि तिथेच थांबली.

पॅड काढले. या वेळी आतला बऱ्यापैकी शाबूत आणि बाहेरचा निम्म्याहून जास्त खाल्लेला. मागच्या वेळच्या बरोबर उलट. दोन्हींचा पृष्ठभाग काचेसारखा चकाकत होता. डिस्कवर एका पट्ट्यात निळसर झाक आली होती.

मुलगा म्हणाला, "काका, या खेपेला बाहेरचा कसा काय?"

मी त्याला जुने पॅड आणायला लावले. त्यानं ते पिशवीत घालून ठेवले होते. चारही तुकडे फरशीवर मांडले. पहिल्या वेळी कॅलिपर जातच नव्हता, म्हणून आतला पॅड झिजला. या वेळी कॅलिपर जोरात ब्रेक दाबला की आत जायचा, पण परत यायचा नाही. पिस्टनला मागे घेणारं एक साधन असतं: त्याच्याभोवतीचं चौकोनी रबरी सील. ब्रेक दाबताना ते पिस्टनसोबत किंचित पिळलं जातं आणि सोडल्यावर सरळ होताना पिस्टनला मिलिमीटरच्या काही अंशाएवढं मागे ओढतं. कॅलिपरला असं ओढणारं काहीच नसतं. त्याला फक्त मोकळ्या पिना आणि फिरणाऱ्या डिस्कचा हलका धक्का एवढ्यावर मागे यायचं असतं. पिना धरून बसल्या की बाहेरचा पॅड डिस्कला चिकटलेलाच राहतो. घासतो, तापतो, तेल तापून फुगतं, दाब आणखी वाढतो.

मग ती पिन. ती बाहेर ओढायला पक्कड लागली. पिन स्वच्छ होती, गंज नाही, माती नाही, पिवळं ग्रीस अजून जागेवर. दोष पिनेत नव्हताच. रबरी बूट मी अंगठ्यात धरला तर तो मऊ, फुगलेला, भिजलेल्या शेंगदाण्यासारखा. बोटानं दाबला की चिकट ओल सुटायची. नव्या बुटाशेजारी ठेवल्यावर जाडीतला फरक उघड्या डोळ्यांना दिसत होता. त्या फुगलेल्या रबरानं पिनेला चहूबाजूंनी आवळून धरलं होतं.

ब्रेकमधली रबरं ज्या जातीची असतात ती ब्रेक ऑइल सहन करतात, पण खनिज तेल सहन करत नाहीत. बेअरिंगचं पिवळं ग्रीस खनिज तेलाचंच बनलेलं असतं. ते रबरात मुरतं, रबर फुगतं, मऊ पडतं. पहिल्या दिवशी पिना लोण्यासारख्या सरकतात आणि काम उत्तम झाल्यासारखं वाटतं. काही आठवड्यांत तीच पिन आधीपेक्षा वाईट अडकते. इथे सिलिकॉन ग्रीसच लागतं.

मी मुलाला तिथेच सांगितलं की यात तुझी चूक नाही, कारण मी नुसतं "ग्रीस" म्हटलं. तो म्हणाला, "पण काका, मी पण विचारलं नाही नं." त्याचं म्हणणं खरं होतं, पण तीस वर्षं शिकवलं मी होतं.

दुसऱ्या खेपेचे निर्णय

पॅड काचेसारखे झालेले. पॉलिश पेपरनं वरचा थर काढून ते चालवता येतील का, असा वडिलांचा प्रश्न होता. पाच आठवड्यांचे पॅड टाकायचं जिवावर येणं साहजिक आहे. मी नको म्हटलं. इतके तापलेले पॅड आतून काय झाले आहेत ते वरून कळत नाही, आणि बाहेरचा तसाही संपत आला होता. नवी जोडी आणली, या वेळी जुना तुकडा सोबत नेऊन.

डिस्क ठेवायची की बदलायची यावर जास्त वेळ गेला. डिस्कवर कमीत कमी जाडी कोरलेली असते, हिच्यावर ३.५ मिलिमीटर होती. व्हर्निअरनं (जाडी मोजायच्या साधनानं) पाच ठिकाणी मोजली, सगळीकडे ३.७ च्या आसपास. फिरवून पाहिली, डुलत नव्हती. तडा नव्हता. निळसर झाक असूनही ठेवली, पण लक्ष ठेवण्याच्या अटीवर.

तिसरा निर्णय मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो: पुढचं काम घरी करायचं नाही. बूट बदलणं अंगणात जमलं असतं. पण कॅलिपर एवढा तापल्यावर पिस्टनची सीलं तीच ठेवणं मला पटत नव्हतं, आणि सीलं बदलायची म्हणजे तेलाचा रस्ता उघडणं, सगळं जुनं तेल काढणं, नवं भरणं, निपलमधून, म्हणजे कॅलिपरवरच्या छोट्या तोंडातून, हवा काढणं. एबीएस नसलेल्या गाडीत हे अवघड नाही, पण हवेचा एक बुडबुडा राहिला तर लिव्हर स्पंजासारखी होते, आणि पहिल्यांदा करणाऱ्याला ते बोटांनी ओळखता येत नाही. माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचं वर्कशॉप आहे, तिथे गाडी नेली. मुलगा दिवसभर तिथे उभा राहिला. निपलमधून निघालेलं तेल काळपट चहासारखं होतं. ते काचेच्या बाटलीत धरून त्यानं वडिलांना दाखवायला घरी आणलं.

पिनांना सिलिकॉन ग्रीस लागलं, तेही पातळ थर. बोल्ट मॅन्युअलमध्ये ठरवून दिलेल्या जोराला (टॉर्कला) आवळले.

निष्पत्ती

तान्ह्या पोळ्याच्या दिवशी वडिलांना सुट्टी होती. शहरात मारबतीच्या मिरवणुकीची गर्दी, म्हणून कुणी बाहेर पडलं नव्हतं. मुलगा गाडी मेन स्टँडवर लावून पुढचं चाक फिरवत बसला होता. पुढचा भाग उचलून हातानं गर्रकन फिरवलं की चाक तीन-चार फेऱ्या सहज घेत होतं. आरसा आणि व्हर्निअर लावून पाहिलं तर दोन्ही पॅड एकसारखे, डोळ्याला तरी फरक दिसेना. वडिलांच्या मते गाडी पहिल्यासारखी हलकी झाली.

खर्च मात्र झाला. पॅडच्या दोन जोड्या, कॅलिपरचं किट, तेल, वर्कशॉपची मजुरी, टेम्पो आणि एका शिफ्टची रजा. सिलिकॉन ग्रीसची छोटी ट्यूब त्या सगळ्यात सर्वांत स्वस्त निघाली.

वेगळं काय करता आलं असतं

जानेवारीत तेल कमी दिसलं तेव्हा भर घालण्याआधी पॅड बघायला हवे होते. माझ्या मते खरा वेळ तिथे गेला. तेव्हा पॅडवर माल होता, घाई नव्हती, पिना साफ करून तेच पॅड पुढे चालले असते.

मे महिन्यात शिफ्ट आणि दुरुस्ती वेगळी करायला हवी होती. आईचं म्हणणं ऐकलं असतं तर मी अमरावतीहून परत येईपर्यंत गाडी उभी राहिली असती.

जुलैत गाडी जड वाटली तेव्हा हवा भरण्याऐवजी दोन मिनिटं थांबून पुढच्या डिस्कजवळ हात नेऊन, न टेकवता, तिची धग पाहिली असती तर दोन दिवस आधीच कळलं असतं. नुकतंच ज्या जागी काम झालंय तिथेच आधी शंका घ्यावी, हे मी वर्गात दरवर्षी सांगायचो. घरच्यांना सांगायचं राहून गेलं.

आणि मी. फोनवर, पंगतीत बसून, दोन वाक्यांत उत्तर देणं टाळता आलं असतं. "मी उद्या येतो, पिना तशाच ठेव" एवढं लिहिलं असतं तरी चाललं असतं. किंवा मुलाला घरातल्या डब्याचा फोटो मागितला असता. आता कुणी मुलगा ब्रेकबद्दल विचारतो तेव्हा मी आधी हातात कुठला डबा आहे ते विचारतो.

त्या घरच्या हत्यारांच्या पेटीत आता पिवळ्या डब्यावर मार्करनं "फक्त चाक" लिहिलं आहे आणि ट्यूबवर "ब्रेक पिना". जुने चार पॅड तारखा घालून एका पिशवीत खिळ्याला टांगलेले आहेत. दसऱ्याला गाडी धुऊन पूजेला लावायच्या आधी डिस्क पुन्हा मोजायचं ठरलं आहे. आकडा ३.६ च्या खाली आला तर नवी डिस्क घ्यायची, हे वडिलांनी आत्ताच कबूल केलं आहे.